गरिबाची खाट

(हडपसर येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपल्याकडे दुखणें काय आहे हें मागाहून विचारतात. आधीं विचारतात, किती लागतील? मग बाईच्या गळ्यांतलें डोरलें निघतें, खोंडांची जोडी बाजारांत जाते, नाहींतर सात-बाऱ्यावर बोजा चढतो. दुष्काळानें जें नेलें नाहीं तें एका बिलानें नेलें, अशीं घरें तुम्हां प्रत्येकाच्या ओळखीचीं आहेत. म्हणून आज मी मुख्यत्वेंकरून एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहें. पुण्यांतील मोठमोठ्या धर्मादाय रुग्णालयांत कायद्यानें गरिबासाठीं खाटा राखून ठेवलेल्या आहेत. त्या कोणासाठीं आहेत, कशा मागावयाच्या, आणि मागतांना आपली मान खालीं कां जाते, हें पाहूं.

प्रथम कायदा. १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. त्यांतील ४१ कक या कलमाखालीं मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं एक योजना मंजूर केली. तिच्याप्रमाणें या रुग्णालयांनीं एकंदर खाटांपैकीं शेंकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठीं ठेवावयाच्या, अगदीं मोफत; आणि आणखी शेंकडा १० दुर्बल घटकांसाठीं, सवलतीच्या दरानें. दोनशें खाटांचें रुग्णालय असेल तर वीस खाटा पहिल्या प्रकारच्या आणि वीस दुसऱ्या. निर्धन कोण? ज्याच्या कुटुंबाचें वर्षाचें उत्पन्न १,८०,००० रुपयांच्या आंत आहे तो. दुर्बल कोण? ज्याचें ३,६०,००० रुपयांच्या आंत आहे तो. खाट, परिचारिकांची शुश्रूषा, चादरी, नेहमींच्या तपासण्या यांचे पैसे दोघांकडूनहि घ्यावयाचे नाहींत. औषधें आणि शरीरांत बसवावयाचीं साधनें यांचा खर्च निर्धनाच्या बाबतींत निर्धन रुग्ण निधींतून भागवावयाचा. दुर्बल घटकांतल्या रुग्णानें त्याचा निदान निम्मा भाग स्वतः भरावयाचा. पुण्यांत के. ई. एम., जहांगीर, रुबी हॉल, पूना हॉस्पिटल, दीनानाथ मंगेशकर हीं सर्व धर्मादाय रुग्णालयेंच होत. यांच्या कांचेच्या दारांवरून आपण शेंकडों वेळां गेलों असूं. आंत आपलीहि खाट आहे हें आपल्याला कोणी सांगितलें नाहीं, आणि आपणहि विचारलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, एवढी मेहेरबानी कोण कोणावर करतो? मेहेरबानीचा येथें संबंधच नाहीं. ज्या संस्थांना हें कलम लागू होतें त्यांनीं सरकारकडून किंवा पालिकेकडून कांहीं ना कांहीं घेतलेलें असतें. कोणाला जमीन नाममात्र भाड्यानें मिळाली, कोणाला चटईक्षेत्र वाढवून मिळालें, कोणाला करांत सूट मिळाली. ती जमीन कोणाची? ती सूट कोणत्या तिजोरींतून गेली? डिझेल भरतांना, खताचें पोतें उचलतांना, पोराला वही घेतांना आपण जो कर देत आलों, त्याच तिजोरींतून. शिवाय या योजनेप्रमाणें बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलांपैकीं शेंकडा २ रक्कम निर्धन रुग्ण निधि म्हणून निराळ्या खात्यांत टाकावी लागते. म्हणजे गेल्या वर्षीं एखाद्या माळ्यानें कर्ज काढून पांच लाखांचें बिल भरलें असेल, तर त्या बिलामागें दहा हजार रुपये या निधींत पडले पाहिजेत. आणि त्याच माळ्याचा भाऊ यंदां आजारी पडला म्हणजे तो खिडकीपाशीं हात जोडून "साहेब, कांहीं तरी दया करा" म्हणतो! धान्य आपलें, पेव आपलें, आणि पेवाच्या तोंडाशीं पदर पसरून उभे आपणच.

पूर्वीं कुलकर्ण्याच्या दप्तरांत आपल्या नांवावर काय लिहिलें आहे हें आपल्याला कळत नसे. अंगठा उठवावा आणि घरीं यावें. आज आपलीं मुलें शिकलीं, मोबाइलवर जगभरचें वाचतात. परंतु रुग्णालयांत बापाला दाखल करतांना पुढें केलेल्या सहा कागदांवर न वाचतां सही करून मोकळीं होतात. अक्षर आलें, पण अक्षराची भीति गेली नाहीं.

तातडीच्या रुग्णाबाबत नियम आणखी स्पष्ट आहे. जीव धोक्यांत असलेला माणूस दारांत आला तर त्याला ताबडतोब आंत घ्यावयाचें, जीव स्थिर होईपर्यंत उपचार करावयाचे, आणि त्या वेळीं अनामत मागावयाची नाहीं, ही २००६ च्या योजनेंतीलच अट आहे. धर्मादाय नसलेल्या खासगी रुग्णालयांसाठींहि शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ सालीं दुरुस्ती झाली. दरांचा फलक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागीं लावावी, तातडीच्या वेळीं पैशासाठीं उपचार अडवूं नयेत, बिलापायीं मृतदेह अडकवून ठेवूं नये, असें तींत आहे. हें सगळें कागदावर असतांना २०२५ सालच्या मार्चअखेर पुण्यांतल्याच एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयानें एका गरोदर बाईसाठीं दहा लाखांची अनामत मागितली, असा आरोप तिच्या घरच्यांनीं केला. तिला दुसरीकडे न्यावें लागलें आणि पुढें ती दगावली. रुग्णालयानें आपली बाजू मांडली, चौकशीच्या समित्या बसल्या, मोर्चे निघाले. मग महापालिकेनें शहरांतील रुग्णालयांना नोटिसा पाठवून तातडीच्या वेळीं अनामत न घेण्याचा नियम पुन्हां कळविला. चार वर्षांपूर्वीं झालेला नियम एका बाईच्या मरणानंतर पुन्हां कळवावा लागतो! तो नियम तुम्हांला पाठ असला पाहिजे असें मी म्हणतों तें याचसाठीं.

वेळेची किंमत काय असते तें एका दुखण्यावरून सांगतों. लकवा, म्हणजे अर्धांगवायू, आपल्याकडे घरोघर आहे. मेंदूच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकून तो झाला असेल, तर गुठळी विरघळविणारें इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. त्यानंतर त्याचा उपयोग नाहीं, उलट अपाय. तोंड एका बाजूला ओढलें, एक हात वर उचलेना, बोलणें बोबडें झालें, यांपैकीं एक जरी दिसलें तरी अंगारा, मालीश, कबुतराचें रक्त यांपैकीं कशांतहि एक क्षण घालवूं नका. १०८ ला हांक मारा. ती गाडी २०१४ पासून महाराष्ट्रभर फिरते व तिला पैसे पडत नाहींत. झटका किती वाजतां आला तें घड्याळांत पाहून लिहून ठेवा, डॉक्टर तेंच पहिलें विचारील. आतां हिशेब करा. उरुळी-लोणीकडून निघालेल्या माणसाचा एक तास सोलापूर रस्त्याच्या गर्दींत जातो. घरांत चुलत्याला, मामाला विचारविचार करण्यांत दीड तास आधींच गेलेला असतो. मेंदूचा फोटो काढावयास वेळ लागतो तो वेगळा. अशा वेळीं अनामतीच्या खिडकीपाशीं तासभर अडलात तर उजवी बाजू जन्माची गेली. सुताराची उजवी बाजू गेली म्हणजे घराचें काय होतें हें मी तुम्हांला सांगावयास नको.

याच दुखण्यानें जोतीराव फुल्यांना गांठलें होतें. लहुजी वस्तादांच्या तालमींत दांडपट्टा शिकलेला, अंग कमावलेला पुरुष. तरी १८८८ सालीं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं त्यांच्यावर उपचार केले. पुण्यांतला घोले रस्ता ज्यांच्या नांवाचा, तेच हे डॉक्टर. पुढें जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहून "सार्वजनिक सत्यधर्म" पुरें केलें आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत इटलींत निघाली ती १८९६ सालीं. म्हणजे जोतीरावांचा रक्तदाब मोजण्याचें तें साधन जगांतच नव्हतें. आपल्याजवळ तें आहे, महापालिकेच्या दवाखान्यांत पैसे न देतां मोजून मिळतो, आणि आपण जात नाहीं! "दिवसभर कुदळ मारतों, मला कसला रक्तदाब?" हें वाक्य मीं किती जणांच्या तोंडून ऐकलें आहे. कुदळ मारणाऱ्यालाहि रक्तदाब असतो, आणि तो दुखत नाहीं, खुपत नाहीं, एके दिवशीं एकदम पाडतो. तिशीनंतर वर्षांतून एकदां तरी मोजून घ्या. वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढें पुन्हां पुन्हां येऊं लागला तर डॉक्टरची गोळी नेमानें घ्या. बरें वाटतें म्हणून बंद करूं नका. जेवतांना वरून मीठ घेणें सोडा. तंबाखू आणि बायांची मिसरी यांबद्दल निराळें भाषण करावें लागेल. आज इतकेंच म्हणतों कीं तोंडांत पंधरा दिवसांवर चट्टा किंवा फोड राहिली तर ती दाखवा. आणि ज्यांचीं शेतें इमारतींखालीं गेलीं, त्यांना एक सांगणें. पूर्वीं हें रान होतें तेव्हां आपल्या बापांची दिवसांत चार कोस चाल होई. आतां कोणी रिक्षांत बसतो, कोणी पहारेकऱ्याच्या खुर्चींत. खाणें मात्र नांगरटीचें राहिलें आहे. रोज अर्धा तास भराभर चाला. त्याला पैसा लागत नाहीं.

आतां खाट मागावयाची कशी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड हीं दोन मुख्य. दाखला आजार आल्यावर काढावयाचा नसतो. तलाठ्याकडे आणि सेतु केंद्रांत खेपा घालण्यास दिवस लागतात, आणि तितके दिवस दुखणें थांबत नाहीं. पेरणीआधीं बियाणें घेतों तसा तो आधींच काढून ठेवावा व त्यावरची मुदत पाहावी. तातडीचा रुग्ण असेल तर आधीं उपचार, कागद मागाहून. हें ठणकावून सांगा. रुग्णालयांत गेल्यावर पैशाच्या खिडकीकडे न जातां वैद्यकीय समाजसेवक कोठें बसतात तें विचारा. निर्धन व दुर्बल रुग्णांचें काम त्यांच्याकडे असतें. बोलतांना "गरीब आहे हो" असें रडूं नका. "धर्मादाय योजनेंतील निर्धन खाट हवी" एवढे शब्द नीट बोला. या शब्दांनीं समोरचा माणूस खुर्चींत सरळ होऊन बसतो, हें मी पाहिलें आहे. "खाट शिल्लक नाहीं" असें उत्तर आलें तर भांडूं नका; "तसें लिहून द्या, सही-शिक्क्यानिशीं" म्हणा. पुष्कळदां लिहून देण्याची वेळ आली कीं खाट सांपडते. नाहींच सांपडली आणि लिहूनहि दिलें नाहीं, तर तारीख, वेळ व बोललेल्या माणसाचा हुद्दा टिपून ठेवा आणि पुण्यांतील धर्मादाय सहआयुक्तांच्या कचेरींत लेखी तक्रार द्या. तक्रारीची पोंच घेतल्याशिवाय टेबलावरून उठूं नका.

दोन गोष्टी आपल्या आपल्यांत बोलावयाच्या आहेत, त्या कडू लागतील. खाट मिळवून देतों म्हणून पैसे घेणारे दलाल आपल्याच वस्तींत तयार झाले आहेत. जी वस्तु कायद्यानें फुकट आहे तिचे पैसे घेणारा चोर. तो आपल्या जातीचा असो कीं परक्या. दुसरें असें कीं, माडी बांधलेली, दारांत मोटार, आणि हातांत खोटा दाखला, असे महाभाग या खाटांवर पडलेले मीं ऐकले आहेत. त्यांनीं शेठसावकाराचें कांहीं घेतलें नाहीं, एखाद्या कुंभाराच्या पोराची खाट घेतली. आणि हो, रुग्ण गेला म्हणून डॉक्टरला मारावयास धांवूं नका. रात्रपाळीचा तो पोरगा अनामतीचा दर ठरवीत नाहीं. कदाचित् तोहि शेतकऱ्याचाच मुलगा असतो. मारहाणीनें गुन्हा दाखल होतो आणि तुमची खरी तक्रार तिच्याखालीं गाडली जाते.

जोतीरावांच्या नांवाची सरकारी जन आरोग्य योजनाहि आहे. २०१२ सालीं राजीव गांधींच्या नांवानें ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ सालीं तिला महात्मा फुल्यांचें नांव आलें, आणि २०२४ च्या जुलैपासून ती राज्यांतील सर्व कुटुंबांना, कुटुंबामागें वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत, लागू झाली. अट अशी कीं रुग्णालय त्या योजनेंत असलें पाहिजे आणि दुखणें ठरलेल्या यादींत. ठरविण्यापूर्वीं १५५३८८ या क्रमांकावर विचारा. योजनेंतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला भेटा. आणि ससून आहेच. शेठ डेव्हिड ससून यांच्या देणगींतून १८६० नंतरच्या सालांत उभें राहिलेलें तें रुग्णालय आजहि गरिबांचा मोठा आधार आहे. तेथें गर्दी आहे, खेपा आहेत, सगळें खरें. परंतु तेथल्या अनुभवी डॉक्टरांना सोडून गल्लींतल्या बिनपदवीच्या माणसाकडून दंडावर सुई टोंचून घेणें यांत शहाणपण नाहीं. अंग दुखलें कीं "एक सलाईन लावा, ताकद येईल" असें आपणच मागतों. त्या बाटलींत मीठपाणी व थोडी साखर असते. पेज, भाकरी आणि झोंप यांहून ती अधिक कांहीं देत नाहीं. सुई नवी आहे, पाकीट तुमच्यासमोर फोडलें, एवढें तरी पाहा. वापरलेल्या सुईंतून कावीळ आणि एड्ससारखे रोग येतात.

शेवटीं पाण्याचें बोलतों, कारण खाट लागूं नये हें खाट मिळण्यापेक्षां बरें. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलन बारे नांवाच्या दुखण्यानें एकाएकीं थैमान घातलें. पायांपासून बळ जाऊं लागतें, कांहींना श्वास घेणेंहि कठीण होऊन यंत्रावर ठेवावें लागतें. सर्व मिळून दोनशेंहून अधिक रुग्ण झाले. अनेकांना आधीं जुलाब झाले होते, आणि तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर नांवाचा जंतु सांपडला, जो घाण पाणी आणि कच्चें मांस यांवाटे पोटांत जातो. नांदेड, किरकटवाडी हीं गांवें २०२१ सालीं महापालिकेंत आलीं. शहराचा कर आला, शहरासारखें शुद्ध केलेलें पाणी आलें नव्हतें. या दुखण्याच्या इंजेक्शनाची एकेक कुपी हजारों रुपयांची, आणि एका रुग्णाला अनेक लागतात. त्या वेळीं मोफत उपचार जाहीर झाले ते ओरड झाल्यावर.

याच आपल्या हडपसरला १८९७ च्या प्लेगांत डॉ. यशवंत फुल्यांनीं सासन्यांच्या मळ्यावर दवाखाना घातला होता, आणि सावित्रीबाई रोग्यांना तेथें आणीत. मुंढव्याचें एक आजारी पोर पाठीवर घालून त्यांनीं आणलें असें सांगतात. तोच रोग लागून १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. त्या वेळीं प्लेग उंदरांच्या पिसवांवाटे पसरतो हें बहुतेकांना ठाऊक नव्हतें. पाण्यांतला जंतु उकळल्यानें मरतो हें आज शाळेंतल्या पोराला ठाऊक आहे. तरी टँकर, विहीर, कूपनलिका यांचें पाणी आपण तसेंच माठांत ओततों. पाणी खळखळ उकळूं द्या, मग झांका. कोंबडी अर्धकच्ची खाऊं नका. आणि वस्तींत आठ दिवसांत चार घरीं जुलाब दिसले तर प्रत्येकानें आपापलें औषध आणून गप्प न बसतां महापालिकेच्या आरोग्य खात्याला एकत्र अर्ज द्यावा, नळाचें पाणी तपासावयास सांगावें आणि तपासणीचा कागद मागावा.

मंडळी, मागच्या बाजूला दोन टेबलें मांडलीं आहेत. एकावर रक्तदाबाचें यंत्र आहे. उठतांना बाया आणि म्हातारे आधीं जाऊं द्या. दुसऱ्यावर शिकलेलीं चार मुलें बसलीं आहेत, तीं उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज विनामूल्य भरून देतील. रेशनकार्ड आणि आधारकार्डाची नक्कल आणली असेल त्यांनीं आज भरावा. नसेल त्यांनीं पुढच्या रविवारीं आणावी, मुलें पुन्हां येथेंच बसणार आहेत. शेजारची जी बाई एकटी राहते, जिला वाचतां येत नाहीं, तिचींहि कार्डें येतांना घेऊन या.